बाळूदादाच्या गाडीत सगळं झालेलंच असतं

रोज त्याच गाडीत, त्याच सीटवर, त्याच माणसांबरोबर बसलं की किस्से आपोआप साठतात. सीटखाली चिवड्याचे कण साठतात तसे. गाडी कितीही झाडली तरी काही राहतातच. कुठल्याही घरगुती कार्यक्रमात आमच्यातलं कुणी भेटलं की पहिला प्रश्न येतो, "काय म्हणते तुमची गाडी?" आणि मग मी सुरू होते.

गाडी बाळूदादाची. पांढरी इको. किकवीहून निघताना तो त्याच्याच गावच्या रत्नाताईंना पुढच्या सीटवर घेतो. आम्ही भोरचे तिघं एसटीनं कापूरहोळला उतरायचो आणि फाट्यावर त्याची वाट बघत उभे राहायचो. तिघं म्हणजे वेल्ह्यातल्या शाळेतले शितोळे सर, कृषी सहायक असलेली प्राजक्ता आणि पंचायत समितीत क्लार्क असलेली मी. रत्नाताई वेल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स आहेत. तर अशी ही पाच जणांची वरात रोज वेल्ह्याला जायची आणि संध्याकाळी परत यायची.

या वरातीत मॅनिफेस्टेशन नावाचा पाहुणा आणला शितोळे सरांनी. सुट्टीत त्यांनी मोबाईलवर कसले कसले व्हिडिओ पाहिले आणि शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच दिवशी गाडीत नियम जाहीर केला. नसरापूरचं वळण मागं पडलं की वेल्हे येईपर्यंत आपल्याला जे हवंय ते झालेलंच आहे असं बोलायचं. "होईल" चालणार नाही, "झालं तर" चालणार नाही. आणि एकदा बोललेलं कुणापुढंही नाकारायचं नाही, नाहीतर सगळं वाया!

मी पोट धरून हसले. पण रस्ता मोठा असतो हो. आठवडाभरात मीही "आमच्या किचनचा ओटा किती छान झालाय" असं बोलायला लागले होते.

*

सरांना हवी होती बदली. घर भोरला, आई थकलेली, आणि येण्याजाण्यात दिवस संपायचा. त्यामुळे वळण मागं पडलं की सर डोळे मिटून सांगायचे, "माझी भोरला बदली झाली. दुपारी घरी जेवायला जातो. आईच्या हातची भाकरी गरम मिळते."

एके दिवशी त्यांच्या शाळेच्या शिपाईमामांची मोटरसायकल रस्त्यात बंद पडली. बाळूदादानं त्यांना गाडीत घेतलं. मामा नवीन माणूस, त्यांना नियम काय माहीत! त्यांनी सरांचं बोलणं कान देऊन ऐकलं आणि शाळेच्या दारात सगळ्यांच्या आधी उतरले.

मधल्या सुट्टीपर्यंत बातमी गावात. दुपारी शाळेच्या पटांगणात सतरंज्या पडल्या. शाल आली, श्रीफळ आलं, सरपंच आले. मुली रडायला लागल्या. मुख्याध्यापक म्हणाले, आम्हाला आधी कळवलं असतं तर मोठा कार्यक्रम केला असता. आणि सरांची पंचाईत अशी, की बोललेलं नाकारायचं नाही हा नियम त्यांचाच! त्यांनी शाल घेतली, नारळ घेतला आणि डोळ्यांत पाणी आणून निरोपाचं भाषणसुद्धा केलं.

दुसऱ्या दिवशी सर पहिल्या तासाला वर्गावर हजर. मुख्याध्यापक दारात येऊन त्यांच्याकडे नुसते बघत राहिले. पुढची थंडी सरांनी गाडीत तीच शाल पांघरून काढली.

आता यातली खरी गंमत ऐका. त्यांची बदली झाली, आणि भोरलाच झाली. शाळेत मात्र कुणाचा विश्वासच बसेना. दुसरा निरोप द्यायला कुणी तयार नव्हतं. सर त्या संध्याकाळी हात हलवत एकटेच गाडीत येऊन बसले.

त्यांना आता आमच्या गाडीची काही गरज नाही. तरी सकाळी एसटी स्टँडवर येतात, मला बसमध्ये बसवतात आणि बस हलली की खिडकीखालून ओरडून आठवण करून देतात, "वळणानंतर, विसरू नका!"

*

रत्नाताईंचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

त्या गायच्या. म्हणजे कॅसेटवाल्या गायिका नव्हेत. किकवीच्या विहारात वंदना त्यांनीच सुरू करायची, जयंतीला पहिलं गीत त्यांचं, आणि गावातल्या बौद्ध घरात लग्न असलं की मांडवात जयमंगल अष्टगाथा त्यांनीच म्हणायची. दुसऱ्यांच्या मंगलाष्टकांच्या जागी यांच्याकडे या आठ गाथा असतात. त्या संपेपर्यंत वधूवरांवर फुलं पडत राहतात. गावातल्या कितीतरी लेकी रत्नाताईंच्या आवाजावर सासरी गेल्या. मी एकदा ऐकलं होतं. अंगावर काटा येतो म्हणतात तो काय असतो ते मला तेव्हा कळलं.

मग त्यांचं थायरॉईडचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन नीट झालं, पण स्वरयंत्राची एक पट्टी हलेनाशी झाली. रत्नाताई बोलायला तोंड उघडायच्या आणि बाहेर यायची नुसती हवा. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, कदाचित काही महिन्यांत येईल, कदाचित नाही येणार. आणि वैशाखात त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, दीक्षाचं, लग्न ठरलेलं.

सगळ्या गावाच्या लेकींसाठी गायलेली बाई स्वतःच्या लेकीच्या मांडवात मुकी उभी राहणार, हे आम्हाला कुणालाच सहन होत नव्हतं. त्या स्वतः मात्र रोज डबा घेऊन, डोक्यात गजरा माळून वेळेवर हजर.

मागच्या सीटवर त्यांचं बोलणं ऐकू येत नसे. मग बाळूदादा त्यांचा लाउडस्पीकर झाला. त्या त्याच्याकडे मान वळवून काही पुटपुटायच्या आणि तो आरशातून आमच्याकडे बघत मोठ्यानं सांगायचा. फक्त एक होतं. तो शेवटी स्वतःचं मत जोडल्याशिवाय राहायचा नाही.

"त्या म्हनत्यात, आज गळा जरा बरा हाय. माझं म्हननं इचाराल तर काय बरा न्हाई."

*

प्राजक्ताची पद्धत वेगळी. ती म्हणते बोलून उपयोग नाही, चित्र डोळ्यांसमोर पाहिजे. तिनं एक पुठ्ठा आणला, त्यावर फरशीवाल्याच्या कॅलेंडरातलं लाल कौलांचं, पुढं पडवी असलेलं घर चिकटवलं आणि तो बाळूदादाच्या सीटच्या पाठीवर लावला. ती भोरला मामाकडे राहायची. वेल्ह्याकडे स्वतःचं घर हवं, हे तिचं स्वप्न. रोज ती त्या घराकडे बघायची आणि आम्हालाही बघायला लावायची.

एका सकाळी मार्गासनीच्या पुढं ती एकदम किंचाळली. रस्त्याच्या कडेला तेच घर! तीच लाल कौलं, तशीच पडवी, पायऱ्यासुद्धा डाव्या बाजूला. बांधकाम नुकतंच संपलं होतं आणि दारात कुणीतरी दुसरीच बाई रांगोळी काढत होती.

बाळूदादानं गाडी हळू केली, घराकडे पाहिलं, पुठ्ठ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "म्याडम, बोर्डावर नाव टाकायचं ऱ्हायलं तुमचं."

प्राजक्तानं खरंच त्या दिवशी मार्करनं पुठ्ठ्यावर नाव टाकलं. पावसाळा संपता संपता ती त्या घरातल्या मागच्या खोलीत राहायला गेली. भाड्यानं! आता ती गाडीत तिथूनच चढते. ती म्हणते, एवढं जुळलंच कसं सांगा. मी एकदा तिच्याकडे चहाला गेले तेव्हा पडवीत बसून मला सारखं वाटत होतं की आपण त्या कॅलेंडरातच बसलोय.

रत्नाताईंसाठी तिनं त्याच पुठ्ठ्यावर माईकचं चित्र चिकटवलं. या वेळी खाली नाव टाकायला विसरली नाही.

*

या दोघांवर हसायचा मला काही अधिकार नव्हता. मला कुणीतरी फॉरवर्ड केलेल्या व्हिडिओत आभाराची पद्धत कळली होती. जे हवं त्याबद्दल आधीच आभार मानायचे. मला हवी होती घरात शांतता. म्हणजे खरं सांगायचं तर सासूबाईंनी माझ्या आमटीला नावं ठेवू नयेत, एवढंच.

म्हणून मी सकाळी उठून त्यांच्यासमोर हात जोडून म्हटलं, "आई, तुम्ही माझ्या स्वयंपाकाचं कौतुक करता त्याबद्दल मी तुमची आभारी आहे."

त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आभार मानले तेव्हा त्यांनी माझ्या नवऱ्याला आत बोलावून विचारलं, हिचं माहेरी काही बिनसलंय का. तिसऱ्यांदा त्या मला सरळ म्हणाल्या, "काय फोडलंस ते सांगून टाक, म्या रागवणार न्हाई."

मी नेटानं आभार मानत राहिले. एके सकाळी ओट्यावर माझा डबा भरून ठेवलेला. लग्न झाल्यापासून माझा डबा मीच भरत आले होते. उघडून बघते तर मेथीची भाजी, भाकरी आणि कोपऱ्यात ठेचा. त्या पाठ फिरवून भांडी लावत होत्या. मी तशीच पिशवी उचलून एसटी पकडली. गाडीत डबा फिरवला आणि सगळ्यांना सांगितलं की हा आभाराचा डबा आहे.

अजूनही आमटीला नावं ठेवतात. डबा मात्र त्याच भरतात.

*

या सगळ्यात बाळूदादा कधीच सामील झाला नाही. त्याचा कारभार उलटा. चांगलं तोंडातून काढायचं नाही, नजर लागते. वाईट तेवढं आधी बोलून टाकायचं, म्हणजे ते लाजून घरी बसतं. गाडीला किल्ली लावताना रोज म्हणणार, "आज काय ही पोचत न्हाई." पंक्चर होणार, टायर फुटणार, पुढं दरड आली असणार, सगळं तो मोजून ठेवतो. आणि त्याची गाडी कधी बंद पडल्याचं मला आठवत नाही.

त्याच्या मुलीनं नर्सिंगला अर्ज केला होता. रत्नाताईंनीच तिचा अभ्यास घेतलेला. आम्ही विचारलं की बाळूदादा म्हणायचा, "न्हाई लागत तिचा नंबर. एवढी पोरं हायत, हिला कोन घेतंय." आम्ही त्याला झापायचो. रत्नाताई नुसत्या हसायच्या.

मग एका सकाळी तो तोंड पाडून आला. गाडी जरा खडखडतेय म्हणाला, पाठ दुखतेय म्हणाला, नसरापूरला ट्रॅफिक लागणार म्हणाला. आणि बोलता बोलता पुढच्या कप्प्यातून पेढ्यांचा बॉक्स काढून मागं दिला.

"हे कशाचे?" मी विचारलं.

"काय न्हाई. पोरीचा नंबर लागला." आणि लगेच खिडकीबाहेर बघत, "पुढं टिकती का न्हाई कुनाला ठावं. खाऊन घ्या, उन्हानं खराब व्हतील."

आरशात त्याचे डोळे दिसत होते. इतका आनंद लपवताना मी कुणाला पाहिलेलं नाही. रत्नाताईंनी हात लांब करून त्याच्या खांद्यावर थोपटलं. त्यानं ते सोसून घेतलं.

*

वैशाख जवळ आला तसा गाडीतला वाद वाढला. एके दिवशी तर बदली झालेले सरही शाळेतले राहिलेले कागद न्यायला आमच्याबरोबर आले होते. त्यांचं म्हणणं, रत्नाताईंनी "माझा आवाज आला" असं ठासून म्हणायला पाहिजे. प्राजक्ता म्हणाली, त्यांनी स्वतःला मांडवात गाताना डोळ्यांपुढं आणायला पाहिजे. मी म्हटलं, गळ्याचे आभार माना, इतकी वर्षं गायलाय तो. बाळूदादा म्हणाला, भोरची एक गाणारी बाई त्याच्या ओळखीची आहे, तिला आधीच सांगून ठेवलेलं बरं, ऐनवेळी फजिती नको.

रत्नाताई कुणालाच काही म्हणत नसत. त्यांना पुण्यातल्या एका बाईंनी आवाजाचे व्यायाम शिकवले होते. मान उजवीकडे वळवून हळूहळू सूर काढायचा. उजवीकडे म्हणजे बाळूदादाकडे! कापूरहोळपासून वेल्ह्यापर्यंत त्या त्याच्याकडे तोंड करून त्याच आठ गाथांवर ओठ हलवत राहायच्या. बाहेर हवा. पहिल्या दिवशी तो बावचळला होता, मग सवय झाली.

त्या दिवशी सरांनी न राहवून विचारलं, "ताई, वळणानंतर तुम्ही काय म्हणता ते तरी सांगा."

रत्नाताई बाळूदादाकडे वळून बराच वेळ पुटपुटल्या. त्यानं गिअर बदलला आणि मग सांगितलं.

"त्या म्हनत्यात, म्या आवाज आला असं म्हनतच न्हाई. म्या म्हनते, दीक्षा मांडवात उभी व्हती आन् गाथा पुऱ्या झाल्या. बास."

"पण कोण गायलं ते सांगायला हवं ना," सर म्हणाले. "मागताना स्पष्ट मागायचं असतं."

रत्नाताईंनी मान हलवली.

"त्या म्हनत्यात, ते माझ्याकडं न्हाई."

आम्ही बाळूदादाच्या मताची वाट बघत राहिलो. त्या दिवशी त्यानं स्वतःचं काहीच जोडलं नाही. तोरणा समोर आला तसे आम्ही सगळे खिडकीतून त्याच्याकडे बघत बसलो.

*

लग्न किकवीला, विहारापुढच्या पटांगणात. पांढऱ्या साडीतली दीक्षा, शेजारी पांढऱ्या कपड्यातला नवरा मुलगा, समोर बुद्धमूर्ती आणि मेणबत्त्या. सर शाल घेऊन आले होते, तीच. प्राजक्तानं आणि मी मुठीत फुलांच्या पाकळ्या धरल्या होत्या. बाळूदादा मांडवाच्या पार मागं उभा होता, कारण सजवलेली इको त्यालाच चालवायची होती. मला म्हणाला, मांडव काय वाऱ्यात टिकत नाही.

त्रिशरण झालं, पंचशील झालं. लग्न लावणाऱ्या बौद्धाचार्यांनी रत्नाताईंकडे पाहिलं. सगळ्यांना वाटलं आता तेच गाथा म्हणतील. पण रत्नाताई पुढं आल्या आणि त्यांच्या हातातून माईक घेतला.

त्यांनी मान उजवीकडे वळवली, तोंड उघडलं. स्पीकरमधून आली हवा. नुसता वारा सुटल्यासारखा आवाज मांडवभर फिरला. दीक्षाची मान खाली गेली. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. बौद्धाचार्यांनी हळूच माईकसाठी हात पुढं केला, पण रत्नाताईंनी माईक सोडला नाही. त्यांचे ओठ हलतच होते. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

तेवढ्यात मागून कुणीतरी पहिली गाथा म्हणायला लागलं.

सूर नाही, ताल नाही. फाट्यावर उभं राहून "वेल्हे, वेल्हे" ओरडतात ना, तसला सपाट आवाज. पण शब्द एकही चुकत नव्हता. माना वळल्या. बाळूदादा! गाडीची किल्ली मुठीत धरून, खाली जमिनीकडे बघत, घामाघूम होऊन म्हणत होता. गावातल्या लग्नांत तो कायम बाहेर गाडीपाशी, त्यामुळे सूर त्याच्या कानी कधी नीट पडलाच नव्हता हो. त्यानं इतके महिने ऐकली होती ती फक्त हवा, आणि त्या हवेतून गाथा पाठ केल्या होत्या. चांगलं तोंडातून न काढणारा माणूस!

दुसऱ्या गाथेला पुढच्या रांगेतली एक बाई उठली आणि तिनं सूर धरला. तिच्या लग्नात रत्नाताई गायल्या होत्या. मग तिच्या शेजारची उठली. मग त्या शेजारची. सगळ्या रत्नाताईंच्या लेकी. काहींच्या कडेवर पोरं होती. बघता बघता अर्धा मांडव उभा राहून गात होता, आणि त्यात बाळूदादाचा सपाट आवाज तसाच खाली चालला होता. पाकळ्या पडत होत्या. सरांनी शालीनं डोळे पुसले. प्राजक्तानं माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली. मी आयुष्यात असं काही पाहिलं नव्हतं, आणि पुन्हा पाहीन असं वाटत नाही.

रत्नाताई दीक्षाकडे बघत उभ्या होत्या. ओठ हलत होते.

शेवटची गाथा आली तेव्हा बायकांचा आवाज अचानक खाली आला, कारण स्पीकरमधून कुणीतरी गायला लागलं होतं. जाड, खोल, जरासा खरखरीत आवाज. किकवीत तो आधी कुणी ऐकलेला नव्हता. बायका एकेक करून थांबल्या. बाळूदादा थांबला. दीक्षानं मान वर केली. लोक पाकळ्यांची मूठ तशीच धरून उभे राहिले, आणि ती गाथा शेवटच्या शब्दापर्यंत त्या एकाच आवाजात पुरी झाली.

मांडवात माईक एकच होता, आणि तो रत्नाताईंच्या हातात होता.